तिखल्यात पडलेला फोन विकणे आहे

पहिलंच सांगून ठेवतो, मी शाळा शिकलेला माणूस नाय. चौथीत असताना मास्तरांनी वडलांना बोलावून घेतलं आणि बोलले, "ह्याच्यापेक्षा वर्गातला बाक बरा, निदान बसल्या जागी गप्प राहतो." वडील गिरणीतले. त्यांनी विचारलं, "बाकाला पगार किती?" तिथे माझं शिक्षण संपलं. बसची पाटी वाचतो, नोटेवरचा आकडा वाचतो, बायकोचा चेहरा वाचतो. एवढ्यावर लालबागेत उभा जन्म निघाला. हे जे तुम्ही वाचताय ते पण मी लिहीत नाय. फोनसमोर बोलतोय, फोन लिहितोय. मध्येच भलतंच काय आलं तर घरातलं कोणीतरी बोललं असं समजा.

कामाला मी मसाल्याच्या डंखावर. डंख म्हणजे लोखंडी मुसळांचं मशीन. मुसळं धडाधड वर-खाली होतात आणि मिरची कुटून निघते. उन्हाळा लागला की लोक वर्षाचा मसाला करायला आमच्या गल्लीत उतरतात. मी मिरच्या आत लोटतो आणि शिंकतो. मालक बोलतो, "पगार लोटायचा आहे, शिंका तुझ्याकडून फुकट."

बायको मालवणकडची. आधी ती परळच्या एका टॉवरात चार घरचं जेवण करायची. ओट्यापाशी उभं राहून राहून गुडघे गेले. मग तिने ती कामं सोडली आणि घरात मसाला सुरू केला. भाजणार ती, कुटून आणणार मी, पाकिटं भरणार ती, आणि शिंकून परत भरायला लावणार मी. मसाल्याचा फोटो काढायचा आणि फोनवरून टॉवरातल्या बायकांना पाठवायचा, असा धंदा. दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्याला मी फोन तिखल्यात पाडला.

झालं असं की रविवारी बायकोने बांगड्याचं तिखलं, म्हणजे आमचं मालवणी झणझणीत कालवण, केलं होतं. आमच्यात तिखल्याला तिरफळ घालतात, त्याचा वास तीन मजले जातो. मला काय अक्कल सुचली, गावच्या भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि बोललो, "बघ, जळ." त्याला नीट दिसावं म्हणून टोपावर वाकलो. फोन सटकला आणि सरळ दोन बांगड्यांच्या मधे जाऊन बसला. आतून भावाचा आवाज येत होता, "दादा, अंधार झाला रे."

पळीने फोन काढला. घाईघाईत आधी बांगडा काढला होता, ते बायको अजून ऐकवते. मग कोणीतरी सांगितलं म्हणून फोन तांदळाच्या डब्यात पुरला. फोन जगला. तांदूळ मात्र पुढचे आठ दिवस तिखल्याच्या वासाचे खाल्ले. फोन जगला, पण माणूस मोठ्या आजारातून उठतो तसा. चार्जिंगची पिन ढिली झाली, मसाल्याच्या डब्याला तिरका टेकवून ठेवला तरच चार्ज व्हायचा. आणि कॅमेऱ्यात मधोमध एक काळा डाग बसला. माणसाचा फोटो काढला की डाग बरोबर नाकाखाली यायचा. बायकोला मिशी. सासूला मिशी. सासूचा फोटो मी हौसेने दोनदा काढला.

इथपर्यंत गंमत होती. पण मिरचीचा हंगाम सुरू झाला, बायकोने लालभडक मसाला ताटात काढला, फोटो पाठवला आणि टॉवरातल्या एका मॅडमचा निरोप आला, "ताई, हा मसाला आहे की सिमेंट?"

बायको काय बोलली नाय. ती भांडते तेव्हा मी बिनधास्त असतो. गप्प बसते तेव्हा मी चप्पल शोधतो.

संध्याकाळी ती बोलली, "अवो, नवो फोन होयो."

"घेऊ की. दिवाळीला."

"दिवाळीक मसालो कोण करता? हंगाम आता आसा. हंगाम गेलो तर माका परत त्या टॉवरात जेवण करूक जावचा लागतला. मॅडमचो फोन येवन गेलो, जागा रिकामी आसा म्हणान."

असं बोलून तिने नुसता गुडघ्यावर हात ठेवला. मी त्या दिवशी एकही विनोद केला नाय, म्हणजे बघा.

गेल्या वर्षीच्या मसाल्यातून तिने थोडे पैसे बाजूला ठेवले होते. त्यात जुन्या फोनचे चांगले आले तर दादरच्या दुकानातला चांगल्या कॅमेऱ्याचा फोन बसत होता. मिरचीच्या पैशाला हात लावायचा नव्हता, नायतर फोन आला असता आणि फोटो कशाचा काढायचा हा प्रश्न पडला असता. म्हणून आधी त्याच दुकानात जुना देऊन नवा घ्यायला गेलो. दुकानदाराने माझा फोन हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला आणि ऑपरेशनमधून बाहेर आलेला डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं. जो भाव बोलला त्यात नव्या फोनच्या काचेवरचा प्लास्टिकचा कागद आला असता.

मग मेव्हणी आली. बायकोची धाकटी बहीण, माहीमला राहते आणि कुरियरच्या ऑफिसात काम करते. माझ्यावर तिचा एवढाच विश्वास आहे की मी बिघडवेन.

"भावोजी, ऑनलाइन विका. जास्त येतील. पण मी सांगते तसं करायचं. डोकं नाय लावायचं."

"ते मी कधीच लावत नाय."

"म्हणून तर अजून शिल्लक आहे. ऐका. घरी कोणाला बोलवायचं नाय, चार लोकं असतात अशा जागी भेटायचं. ओटीपी कोणालाही सांगायचा नाय. पैसे हातात पडल्याशिवाय फोन सोडायचा नाय. सिमकार्ड काढायचं, आतलं सगळं पुसायचं. बिलाची झेरॉक्स द्यायची आणि फोन मिळाला म्हणून घेणाऱ्याची सही घ्यायची. आणि जाहिरातीत खरं काय ते सांगायचं."

बाकी सगळं पटलं, शेवटचं नाय पटलं. मी बोललो, "बाजारात कोळीण कधी सांगते काय, दादा, हा बांगडा कालचा आहे म्हणून?"

"तुम्ही कोळीण आहात काय?"

"नाय, मी बांगडा आहे," मी बोललो. तेव्हा हे उगाच बोललो होतो. पुढे खरंच ठरलं.

जाहिरात टाकायला फोनचा फोटो पाहिजे. आता फोनचा फोटो फोनने कसा काढणार? मी आपला आरशाच्या कपाटासमोर उभा राहिलो, फोन छातीशी धरला आणि काढला. मजकूर बोलून टाकला. "एकदम नव्यासारखा फोन, घरगुती वापर, एकही तक्रार नाय." बोलणं संपल्यावर ते बंद करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मेव्हणीने दुसऱ्या दिवशी जाहिरात वाचून दाखवली ती अशी: "एकदम नव्यासारखा फोन घरगुती वापर एकही तक्रार नाय अगं चाय टाक साखर कमी घाल कालची पाक होती कोण आलंय बघ दूधवाला असेल तर सांग मी घरात नाय."

आणि फोटोत मी गंजीवर. एवढासा फोन, बाकी सगळं पोट, आणि मागे दोरीवर सुकत घातलेलं सासूचं लुगडं.

पण लोक चांगले असतात हो. फोन यायला लागले. पहिल्याने विचारलं, "काका, ते कपाट विकायचंय काय?" दुसऱ्याने पण कपाटच विचारलं. तिसरा बोलला, चहाची एजन्सी आहे काय. एक बाई बोलल्या, लुगड्याचा काठ छान आहे, कुठे घेतलंत. फोनचं कोणी विचारीना. मेव्हणी बोलली, "भावोजी, तुमच्यापेक्षा कपाटाला मागणी आहे. दीदीला सांगते विचार कर म्हणून."

मग एक जण भेटला जो फोनचंच बोलत होता. आवाजात दरारा. बोलला, मी मिलिटरीत आहे, बॉर्डरवर ड्युटी आहे, बघायला येता येत नाय, तुम्ही सांगाल तो भाव कबूल. पैसे आत्ता पाठवतो, माझा माणूस उद्या येऊन फोन नेईल. मी बसल्या जागी उठून उभा राहिलो. बॉर्डरवरचा माणूस माझा फोन घेणार! त्याने चौकटी-चौकटीचं चित्र पाठवलं आणि बोलला, "इसको स्कॅन करो काका, अपना पिन डालो, पैसा आ जायेगा."

मी स्कॅन केलं. पिन टाकायला गेलो तर लक्षात आलं, पिन मला माहीतच नाय. माझ्याकडे पिन दिला तर मी तो डंखावर सगळ्यांना सांगेन म्हणून बायकोने कधी दिलाच नव्हता. फोन घेऊन मी चुलीपाशी गेलो.

"अगं पिन सांग लवकर. बॉर्डरवरून पैसे येतायत."

ती मिरची भाजत होती. मान पण वर केली नाय.

"पैशे येतत ना? मग पिन कित्याक?"

"अगं, तशी पद्धत आहे."

"देवळातल्या पेटयेत पैशे टाकूक चावी लागता काय?"

"नाय."

"चावी कधी लागता?"

मी विचार केला. आयुष्यात दोन-तीनदाच केलाय, त्यातला हा एक. "काढायला लागते," मी बोललो.

"मग चावी कोणाक देतास ता बघा."

तिकडून तो "काका, जल्दी करो" बोलत होता. मी बोललो, "साहेब, आमची मिसेस बॉर्डरवर उभी आहे, पुढे जाता येत नाय." त्याने मला अशा शिव्या दिल्या की माझी खात्री झाली, हा मिलिटरीत कधीच नव्हता. मिलिटरीतला माणूस शिस्तीत शिव्या देतो.

त्यानंतर मी गार पडलो. बायकोने जे पैसे बाजूला ठेवले होते ते त्याच खात्यात होते. मला पिन माहीत असता तर फोन पण राहिला असता आणि फक्त फोनच राहिला असता. ढ असण्याचा आयुष्यात पहिला फायदा झाला.

हंगाम पुढे सरकत होता. टॉवरातल्या मॅडमचा परत फोन आला. बायको बोलली, "गुरवारपर्यंत सांगतंय."

आणि बुधवारी एका कोळणीचा फोन आला. मासळीबाजारात बसणारी बाई, शीवच्या कोळीवाड्यातली. सुनेने तिला जाहिरात दाखवली होती. आवाज असा की मी फोन कानापासून हातभर लांब धरला तरी शेजारच्या खोलीतून विचारलं, कोण आलंय. "उद्या गुरवार, धंदा मंदा असतो. दुपारला येतंय. कपाट नको मना, फोन पायजे." भेटायची जागा मी ठरवली, आमच्या चाळीच्या अंगणातलं देऊळ. तिथे चोवीस तास माणसं बसलेली असतात. कॅरम चालू असतो, भांडणं चालू असतात. ह्याच्यापेक्षा सुरक्षित जागा मुंबईत नाय, चोर आला तर त्याला पण कॅरमला बसवतील.

गुरुवारी सकाळपासून मी हललो होतो. आता आमच्या कोकणातल्या लोकांची एक रीत आहे. कुठलंही मोठं काम काढलं की आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं. एकाने मोठ्याने देवाला सगळं सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" बोलायचं. चाळीत होळीला, गणपतीला गाऱ्हाणं मीच घालतो, कारण आवाज मोठा आहे आणि लाज कमी आहे. आणि गाऱ्हाण्यात काय लपवायचं नसतं. आजोबा सांगायचे, देवाला अर्धवट सांगितलं तर देव पण अर्धवटच काम करतो.

म्हणून दुपारी मी देवळासमोर नारळ ठेवला, नारळाशेजारी फोन ठेवला, कॅरमवाल्यांना उठवून बायको आणि मेव्हणीसोबत मागे उभं केलं आणि डोळे मिटून सुरू झालो.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझो लेकरू, चाळीतलो सगळ्यात बिनकामाचो माणूस, फोन इकूक काढून तुझ्या पायाकडे उभो आसा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात आलं. बिनकामाचो ह्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"फोन बांगड्याच्या तिखल्यात पडललो आसा, ता तुका म्हायत आसा, गिऱ्हाईकाक म्हायत नाय! ता तेका कळूक देव नको!"

"व्हय म्हाराजा!"

"पिन ढिली आसा, डब्याक टेकवल्याशिवाय चार्ज होणा नाय! तो डबो आजच्या दिवस दृष्टीआड ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"कॅमेऱ्यात बायलमाणसाक मिशी दिसता! ती मिशी झाक!"

"व्हय म्हाराजा!"

"येणाऱ्या कोळणीचा मन मोठा कर आणि नजर अधू कर! आणि माझ्या बायलेचो हंगाम पार पाड, तिका परत कोणाच्या ओट्यापाशी उभी करू नको रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजाऽऽऽ!"

ह्या शेवटच्या म्हाराजात एक आवाज असा होता की देवळावरची कबुतरं उडाली. मी तो आवाज ओळखला. आदल्या दिवशी हातभर लांबून ऐकला होता. डोळे उघडायची हिंमत होईना. मनात बोललो, देवा, मला इथेच नारळासारखा फोड.

मागे वळलो. डोक्यात अबोलीची वेणी, कमरेला बटवा, अशी एक भक्कम बाई कॅरमवाल्यांच्या मधे हात जोडून उभी. मेव्हणीने तोंडात पदर कोंबलेला. बायको माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा मी वाचतो असं सुरुवातीला बोललो ना? तेव्हा वाचला नाय. वाचवेना.

"लवकर आलात मावशी," मी बोललो.

"मावशी कोनाला रं? स्वतःचं केस बग. मी तुझी पोर शोभंन." कॅरमवाले हसले. हे लोक माझ्या बाजूचे म्हणून उभे केले होते.

तिने फोन उचलला. मागचं कव्हर असं उचकटलं की जणू बांगड्याचे कल्ले बघतेय. अंगठ्याने पोट दाबून बघितलं. मग नाकाला लावला.

"तिरफळ," ती बोलली. "अजून वास हाय."

मी बोललो, "ताई, मी आपला सांगणारच होतो..."

"कोनाला? देवाला सांगितलंस ना, बस झालं." मग ती फोन तळहातावर उलटापालटा करत राहिली. "दादूस, सुनेनं मना मागं नवा फोन घेऊन दिला. पाटीवर ठेवला, बर्फाचं पानी उडालं, तिथंच मेला. ह्यो आख्खा कालवनात बुडला नि जगला. मना असाच पायजे."

मला काय बोलावं ते सुचेना. आणि जेव्हा काय सुचत नाय तेव्हा गप्प बसावं, हे मला पन्नास वर्षांत कोणी शिकवलं नाय. मी बोललो, "मग तर भाव वाढवायला पाहिजे. पाण्यातला फोन आहे."

बायकोने डोळे मिटले. कोळणीने पदर खोचला.

"पिन ढिली. कोन बोल्लं?"

"मी."

"मना मिशी दिसनार. कोन बोल्लं?"

"मीच."

"देवासमोर बोल्लास, आता फिरवतंस?" आणि एकेका दोषाला ती भाव खाली आणत गेली. उभा जन्म मी बाजारात कोळणीकडून मासळी घेताना घासाघीस केली. आता मी पाटीत पडलो होतो आणि ती गिऱ्हाईक होती. मी बोललो, "ताई, शेवटचं बोला." ती बोलली, "ते मी बोलायचं असतं, तू भाव सांग." मी बोललो, "एवढ्यात नाय परवडत." ती बोलली, "मग ठेव बर्फात घालून."

शेवटी जिथे थांबली तो भाव दादरच्या दुकानापेक्षा खूप बरा होता, पण आम्हाला पाहिजे होता त्याच्यापेक्षा कमी. मेव्हणीने बायकोच्या कानात सांगितलं, "दीदी, नाय पोचत ग." बायकोने मान हलवली. मला कळलं, ती मनातल्या मनात त्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. मी बोललो, "ताई, थोडं तरी बघा, माझ्यासाठी नको, बायकोसाठी बघा."

पण कोळीण ऐकत नव्हती. तिने परत फोन नाकाला लावला होता.

"एवढं दिवस झालं, पुसला असशील, धुतला असशील..."

"तांदळात पण पुरला होता."

"तरी वास हाय. कोनच्या मसाल्याचं तिखलं व्हतं?"

इतका वेळ गप्प असलेली बायको बोलली, "माझ्या."

"इकत मिलतो?"

बायको त्या गुडघ्यांनी जिना कधी चढली आणि कधी उतरली मला दिसलंच नाय. पुडी घेऊन आली. कोळणीने चिमूट तळहातावर घेतली, वास घेतला, जिभेला लावली. मग बोलली, "टॉवरातल्या बायका मासळी घेतात नि मनाच इचारतात, मावशी, मसाला कोनचा घालू? मी काय सांगू? आता सांगंन, ह्यो घाल. पाटीशेजारी ठेवतंय. किती देशील?"

"किती होयो?"

मग त्या दोघी बोलायला लागल्या. त्या भावात कोळीण पण घासाघीस करू शकली नाय, कारण समोर बायको होती आणि बायकोने कुठल्या देवाला काय सांगितलं नव्हतं. फोनचे आणि पहिल्या पाकिटांचे पैसे मिळून कोळणीने बटव्यातून नोटा काढल्या. मेव्हणीने एकेक नोट उजेडात धरून बघितली. कोळीण बोलली, "बग बग, माझ्या नोटा तिरफळाच्या वासाच्या नायत, बोंबलाच्या हायत." बिलाची झेरॉक्स दिली, सही घेतली, सिमकार्ड काढलं. गिऱ्हाइकांचे नंबर मेव्हणीने आधीच उतरवून ठेवले होते. माझे फोटो ठेवायचे का म्हणून विचारायला तिने ते बघितले, तर त्यात निम्मे माझ्या अंगठ्याचे आणि उरलेले पंख्याचे होते. आणि दोन सासूचे.

मग फोन पुसायचा. बटण मीच दाबायचं ठरलं. फोनने विचारलं, सगळं कायमचं जाईल, नक्की काय? मेव्हणीने वाचून दाखवलं.

सगळी चाळ बोलली, "व्हय म्हाराजा!"

त्याच संध्याकाळी दादरला जाऊन नवा फोन आणला. बायकोने ताटात मसाला काढला, खिडकीपाशी ठेवला आणि पहिला फोटो काढला. काय लाल आला होता! नुसतं बघून मला शिंक आली. ती फोटो बघत बसली आणि मग बोलली, "ह्यो मागे म्हातारो कोण उभो आसा?"

मी होतो. जुन्या कॅमेऱ्यात मी कसा भरगच्च काळ्या मिशीचा दिसायचो. नव्यात जेवढं आहे तेवढंच दिसतं.

"बाजूक व्हा," ती बोलली. "गिऱ्हाईक पळतला."

बाजूला झालो. तेव्हापासून फोटोच्या वेळी माझं काम खिडकीचा पडदा धरून बाहेर गॅलरीत उभं राहायचं. मिरचीची पोती हंगाम संपायच्या आधी संपली, परत आणावी लागली. सिमेंटवाल्या मॅडमने दोन किलो नेला. आणि परळहून जेवणासाठी फोन आला तेव्हा बायको बोलली, "वेळ नाय ओ, माझ्याकडेच माणूस ठेवूचो इचार आसा." मी विचारलं कोण माणूस, तर बोलली, "तुमका सोडून कोणीय."

कोळणीचा दर गुरुवारी फोन येतो. परवा मीच उचलला. बोललो, "ताई, फोन बरा चाललाय ना?"

"झ्याक चाल्लाय. दोनदा बर्फात पडला, एकदा कोलंबीत. पिन तेवढी तशीच हाय. डब्याला टेकवून ठेवलाय नि वाकून बोलतंय बग."

"कसल्या डब्याला?"

"तुमच्याच मसाल्याच्या. अर्धा रिकामा झालाय, फोन घसरतोय. भरून पाठव लवकर."